मोकळा हात

सोमवारपासून पल्लवी कारखान्याच्या शेती ऑफिसात पुन्हा रुजू होणार होती. गळीत हंगाम तोंडावर आलेला, रजा वाढवून मिळेना, आणि पाच महिन्यांचं लेकरू वरच्या दुधाला तोंड लावत नव्हतं. म्हणून सासूला, रंगुबाईंना, घेऊन ती विट्याच्या मेडिकलमध्ये दूध काढायचा पंप बघायला आली होती.

"बाईमाणसाला बी मशीन निघाली व्हय?" रंगुबाई म्हणाल्या. "मला वाटलं, म्हशीलाच असतीया."

काउंटरवरची बाई हसली. "मावशी, हा विजेवरचा घ्या. दोन्ही हात मोकळे. दूध निघतंय तोवर ताईंचं जेवण उरकतंय."

"मग ह्योच द्या. कारखान्यानं हिला सोताची खोली दिलीया दूध काढायला," रंगुबाईंनी ऐटीत सांगितलं.

पल्लवीनं तो पंप चालू करायला लावला, स्वतः बाहेर गेली, काचेचं दार ओढून घेतलं आणि कान देऊन उभी राहिली. घुरघुर बाहेरपर्यंत ऐकू येत होती. ऑफिसात तर ऊसतोडीची तारीख विचारायला आलेल्या गड्यांची रांग त्या खोलीच्या दाराला टेकलेली असायची.

आत येऊन तिनं हातानं दाबायचा साधा पंप उचलला. "हा एका हातानं चालतो ना?"

"चालतो. पण रोज दाबून हात भरून येईल, ताई."

"येडी का काय तू," रंगुबाई वैतागल्या. "एक हात मोडून घ्यायचा, आन् दुसऱ्यानं काय करनार?"

"दार धरून ठेवणार, आत्या. त्या खोलीला आतनं कडी नाही."