वहीतली दोन नावं

"एकाला आणलं. आता दुसरी कुठे आहे?" गोराझ्द म्हणाला आणि बुटांवरचा बर्फही न झटकता पुन्हा दाराकडे वळला.

त्याच्या बायकोने, पोलोनाने, दाराशेजारची वही उघडीच ठेवली होती. डोंगरावरचा हा निवारा ती अकरा हंगाम चालवत होती. त्रिग्लाव शिखराच्या राष्ट्रीय उद्यानात निवाऱ्यावर आलेला माणूस वहीत आपलं नाव, किती जण आणि पुढे कुठे, हे लिहूनच निघतो. कोणी परतलं नाही तर शोधणारे आधी वही बघतात. आजच्या पानावर नवव्या ओळीत जुन्या वळणाचं सुबक अक्षर होतं. लुडविक आणि मिल्का प्रेत्नार, दोघे, खिंडीवरून सरोवरांकडे. त्यातले लुडविक समोरच्या बाकावर तीन घोंगड्यांखाली बेशुद्ध पडले होते.

सकाळी सगळं कसं मजेत चाललं होतं. हंगामाचा शेवटचा दिवस. उद्या खिडक्यांना फळ्या ठोकायच्या आणि खाली गावात उतरायचं. उरलेला आंबट कोबी, उरलेला राजमा, सगळं एका पातेल्यात ढकलून पोलोनाने योता नावाचं दाट सूप रटरटत ठेवलं होतं. ओळखीपाळखीची मंडळी उन्हात पाय पसरून बसली होती. आत कोण आलं, कोण गेलं, याकडे तिचं लक्षही नव्हतं. सामान उतरवायला आलेले गोराझ्द आणि त्याचा मित्र ब्लाझ पत्ते कुटत होते. दोघेही बचाव पथकातले, पण आज सुट्टीवर. बाराला मंडळी उतरून गेली, एकला ढग आले, दोनला बर्फ. आणि खिंडीकडून धापा टाकत आलेल्या एकाने सांगितलं की वाटेत एक म्हातारा पडलाय.

"म्हातारी घळीत गेली असणार," ब्लाझ दोर खांद्यावर टाकत म्हणाला. "आजोबा घळीच्या तोंडाशीच पडले होते. ती घसरली, हे धरायला गेले आणि आपटले."

"हेलिकॉप्टर मागवा ना," पोलोना म्हणाली.

"या धुक्यात? चाचपडत येणार आहे का ते?"

"मग खालचं पथक येऊ दे. त्या घळीत कोणी उन्हाळ्यातसुद्धा उतरत नाही, गोराझ्द. तीन तास थांब."

"तीन तासांत ती गोठून मरेल." त्याने तिच्या गालाला ओला हातमोजा लावला. "उगाच तोंड वाकडं करू नकोस. आलोच."

अर्ध्या तासाने वायरलेसवर त्याचा आवाज आला. "तोंडाशी पोचलो. उतरतोय." मग काही नाही. लांब कुठेतरी दगड गडगडत गेल्याचा आवाज तेवढा आला. पोलोना भट्टीत लाकडं सारत बसली. तिला भीती वाटत होती, आणि ती त्या बाईसाठी नव्हती, नवऱ्यासाठी होती. याची तिला लाजही वाटली.

"पोरी, पाणी," बाकावरून आवाज आला.

म्हाताऱ्याने डोळे उघडले होते. पोलोनाने कोमट चहा त्याच्या ओठांना लावला. "आजोबा, नीट आठवून सांगा. मिल्काबाई कुठे घसरल्या? घळीत?"

"मिल्का?"

"तुमच्याबरोबर होत्या ना. वहीत लिहिलंय तुम्ही."

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "मिल्का जाऊन चार वर्षं झाली," तो म्हणाला. "एक्केचाळीस वर्षं प्रत्येक निवाऱ्यावर दोघांचं नाव लिहिलं. एकट्याचं लिहायला हात उठत नाही गं. म्हटलं, कोणाचं काय बिघडतंय."

पोलोनाच्या अंगाची आग झाली. "काय बिघडतंय? दोन माणसं तुमच्या गेलेल्या बायकोला शोधत त्या घळीत लटकलीत. त्यातला एक माझा नवरा आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठायला बघू लागला, पण उठता येईना. "बोलाव त्यांना," तो म्हणाला. "आत्ता बोलाव. सांग, म्हातारा खुळा आहे. सांग, तिथे कोणी नाही."

ती वायरलेस घेऊन ओसरीवर धावली. "गोराझ्द, परत फिर. तिथे कोणी नाही. ऐकतोयस का?" नुसती खरखर. घळीच्या भिंतींतून आवाज आत जात नव्हता. ती बर्फात उतरली, चढावर दहा-वीस पावलं गेली, पुन्हा बोलली. पुन्हा खरखर. तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं.

"पोलोना." गोराझ्दच होता, दमलेला. "सापडली."

तिला वाटलं आपल्याला भास झाला. "कोण सापडली?"

"कोण म्हणजे? बाई. अगदी तळाशी, कपारीत. पाय मोडलाय, गारठलीय, पण शुद्धीवर आहे. वर काढतोय." क्षणभर खरखर झाली. "पण ही काही म्हातारी नाही गं. वीस-बावीसची पोर आहे. नेझा म्हणून. ती म्हातारी कुठे मग?"

"म्हातारी नाहीच आहे. ते नंतर सांगते," पोलोना म्हणाली. ती पळत आत आली. म्हातारा कोपरावर रेलून तिच्याकडे बघत होता. तिने आजच्या पानावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मग पुन्हा खालून वर.

"गोराझ्द, नेझा नावाचं इथे कोणीच नाही. विचार तिला, वहीत नाव का नाही लिहिलं?"

गोराझ्दचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"ती म्हणते, मला कोण शोधायला येणार होतं?"