माझ्या दिव्यांमागे ये

भर दुपारी लॅपलँडच्या रस्त्यावर कोसळत्या बर्फाने माणसाला आंधळं करून सोडलं होतं. पुढे ताइस्तोची गाडी, मागे त्याच्या लेकीची. त्याने फोनवर दटावलं, "व्हिएनो, माझ्या लाल दिव्यांमागे गुमान ये."

"कसले दिवे, बाबा? एरवी गोगलगाय, आणि आज कुठे पळालात? थांबा, जोरात हाणते, गाठतेच तुम्हाला!" फोन कट झाला.

पोर रस्ता चुकेल या धास्तीने त्याने तिथेच रस्त्यात गाडी थांबवून हँडब्रेक ओढला आणि उतरून मागे आला. मागचे दिवे पेटलेलेच नव्हते. दिवस आहे म्हणून गाडीच्या दीडशहाण्या यंत्राने फक्त पुढचेच लावले होते.

 

बर्फातून दोन दिवे उगवले. लेक बापाला गाठायला सुसाट येत होती.