चिमटीतला बेदाणा

तेजलने बनवलेल्या ओलावा मोजायच्या यंत्रावरचा हिरवा दिवा लागला, तसा तिच्या आईने शेडमधल्या जाळीवरचा एक बेदाणा उचलून चिमटीत दाबला. "वाळलाय," ती म्हणाली.

वृंदाताई थक्क झाल्या. दर शनिवारी पुण्याहून येऊन त्या शाळेतल्या मुलींना यंत्रं बनवायला शिकवायच्या. पण दिवा नेमका किती ओलाव्याला लावायचा, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"हा आकडा कुठून आणलास गं?"

"आईकडून," दहावीतली तेजल म्हणाली. "ती दाबून 'वाळलाय' म्हणाली, की मी ओलावा मोजून लिहायचे. दोन हंगाम लिहिलं."

यंत्रं बनवायच्या वीस वर्षांच्या नोकरीत ताईंना असं कधी सुचलं नव्हतं.

"आता हे यंत्र विकायला कंपनी काढायची," त्या म्हणाल्या. "नाव ठरलं?"

"नाव नाही सुचलं. मालकीण ठरलीय." तेजलने आईचा चिकट हात धरून वर केला.