चार तासांची बॅटरी

"तू फक्त लिहून दे, तुझ्या यंत्रानं दगा दिला म्हणून. बाकी मी बघतो," ईश्वरप्पा म्हणाला.

भीमाशंकर अक्कलकोटहून आला होता. ईश्वरप्पाच्या बायकोच्या, गौरम्माच्या ऑक्सिजन मशीनसाठी बॅटरीचा संच त्यानंच बसवला होता. इथं मैंदर्गीत व्होल्टेज वर-खाली व्हायचं आणि मशीन बंद पडायचं. संच वीज एकसारखी करून पुढं द्यायचा. लाईट गेली, तर चार तास बॅटरीवर मशीन चालवायचा.

गौरम्मा जाऊन तीन आठवडे झाले होते. खाट तशीच होती. ईश्वरप्पा खाली फरशीवर बसला होता.

भीमाशंकरनं संचाच्या पडद्यावर त्या दिवसाच्या नोंदी काढल्या.

"काका, नऊ पन्नासला लाईट गेली. एक बावन्नपर्यंत बॅटरी चालली. चार तास बोललो होतो, चार तास दिले की. लाईट परत आली सव्वादोनला."

"मी आलो तवाच आली. सकाळी लाईट गेली तसा फटफटी काढून वीज कार्यालयात गेलो. अर्ज दिला, सायबाच्या दारात बसून ऱ्हायलो. त्यो म्हणतोय, गावात लाईट हाय. मी म्हणलं, बायको मशीनवर हाय माझी, खोटं बोलू नका."

"आणि काकू?"

"झोपली हुती. उठवलं न्हाय."

सुनेला गिरणीवर बसवून शेजारची केराबाई चहा घेऊन आली. दळणाचा आवाज घरात येत होता.

"मावशी, त्या दिवशी लाईट कधी आली?" भीमाशंकरनं विचारलं.

"ह्यांची फटफटी वेशीपत्तुर गेली नसंल, तवर आली की. दिवसभर दळत हुते मी. त्या आवाजात काय ऐकूबी आलं न्हाय बघा." तिनं पदर तोंडाला लावला.

"केरा, तुझ्या घरात येती आणि माझ्या न्हाय व्हय? एका खांबावरचं आपण. का तुझी गिरणी सायबाची मेव्हणी हाय?"

ईश्वरप्पानं कोरा कागद भीमाशंकरपुढं सरकवला.

"लिही."

तेवढ्यात बल्ब लख्ख झाला आणि विझला. पलीकडं गिरणीही थांबली. ईश्वरप्पा उठला. दाराबाहेर मीटरखालचा मेन स्विच त्यानं खाली पाडला आणि परत येऊन बसला.

"मेन का पाडला, काका?"

"परत येताना झटका देती. दोन टीव्ही जळाल्यात. लाईट गेली की पाडायचाच. तू लिही की."

भीमाशंकरनं पेन उघडलं नाही.

पाच मिनिटांनी पलीकडं गिरणी सुरू झाली. ईश्वरप्पानं मान वर करून बल्बाकडं पाहिलं. तो लागला नव्हता.