बिनकॉलरचा कोट

पहिला फटका पैलवानाने आरशावर घातला. माणसाच्या उंचीचा आरसा मधोमध फुटला आणि खालचा निम्मा भाग खळ्ळकन फरशीवर आला. दुसरा फटका शिलाई मशीनवर. मशीन कोलमडून भिंतीवर आदळलं, पण मोडलं नाही. मग त्याने त्याच्यावर आणखी दोन घातले.

"अहो, थांबा!" डिझायनर टेबलामागून धावत आला. काडीसारखा माणूस, गळ्यात मापाची टेप. "मी शोरूमवाल्यांशी बोलतो ना."

"बोलून झालं, म्हाताऱ्या," पैलवान म्हणाला आणि लोखंडी कांब डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा लगावला. नाकाचं हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. डिझायनर खाली बसला. बोटांतून रक्त गळायला लागलं.

खालचे सगळे मजले तयार कपड्यांच्या शोरूमने गिळले होते. वरची ही एक खोली उरली होती आणि डिझायनर ती सोडत नव्हता. म्हणून शोरूमवाल्याने पैलवानाला धाडलं होतं, सोबत पैलवानाचा मेव्हणा. दोघांच्या अंगात शोरूमनेच दिलेले शर्ट. छातीवर जबडा वासलेला वाघ, पाठीवर सोनेरी अक्षरं. ती कुठल्या भाषेतली, हे पैलवानाने कधी विचारलं नव्हतं. शर्ट काखेत काचायचा आणि पोटावर लोंबायचा. कपडा म्हटला की काचणारच, असं तो लहानपणापासून धरून चालला होता.

मेव्हण्याने कपाट उपडं केलं. "भाऊजी, हे बघा! ना चित्र, ना अक्षर. शर्ट आहे का उशीचा अभ्रा? अन् सगळं आपलं राखेच्या नाहीतर कोळशाच्या रंगाचं. पैसे देऊन कोण घेतं हे?" बोलता बोलता तो एकेक शर्ट टराटरा फाडत होता.

कोपऱ्यातल्या पुतळ्यावर एक कोट होता. कोळशाच्या रंगाचा. कॉलर नाही, खिसा दिसत नाही, बटणं आतल्या पट्टीत दडलेली. पैलवानाने कांब उगारली.

"त्याला हात लावू नका," डिझायनर फरशीवरून म्हणाला. "हवं तर माझी बोटं मोडा."

पैलवानाने बोटं पुष्कळांची मोडली होती. आपणहून पुढे कुणी केली नव्हती. त्याने कांब खाली घेतली.

"एवढं आहे काय त्यात?"

"काहीच नाही. नको ते सगळं काढून टाकण्यातच वर्ष गेलं."

पैलवान खो खो हसला. अंगात चढवून एकदा खांदे ताणले की टरकन उसवेल, हा विचार करून त्याने कांब भिंतीला टेकवली आणि कोट शर्टावरच चढवला. खांदे ताणले. काही उसवलं नाही. हात वर केले, कोटही बरोबर वर आला. कुठे काचेना, कुठे लोंबेना.

त्याने उरलेल्या आरशात पाहिलं. वाघ झाकला गेला होता. त्याच्या जागी एक तोंड दिसत होतं. बसकं नाक, फुटका कान, कपाळावर जुन्या टाक्यांची खूण. लोक आधी त्याच्या छातीकडे बघायचे, मग कांबेकडे. तोंडापर्यंत कुणाची नजर पोचत नसे. त्याचीही नाही. हा आरशातला माणूस मात्र वेगळाच होता. याला दारात कुणी अडवलं नसतं. उलट खुर्ची पुढे करून "या, बसा" म्हटलं असतं. पैलवान हलेचना.

"मयताला निघालात का भाऊजी?" मेव्हणा फिदीफिदी हसला. "थांबा, पाठीतून उभा चिरतो." त्याने टेबलावरचं कटर उचललं आणि मागून कोटाचं टोक धरलं.

पैलवानाने वळून त्याचं मनगट पिरगाळलं. कटर पडलं. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण त्याने मेव्हण्याला मानेला धरून टेबलाच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा. पुढचे दात गेले.

"भाऊजी, मी आहे! मी!" मेव्हणा गुळण्या केल्यासारखा ओरडला. "ताईला काय तोंड दाखवाल?"

एरवी मारताना पैलवानाच्या तोंडात आयमाय असायची. आज तो गप्प राहून मारत होता. रक्त बाहीवर उडालं आणि त्या रंगात कुठे गेलं ते कळलंही नाही.

हात सोडला तेव्हा मेव्हणा रांगत दाराबाहेर गेला. जिन्यावरून त्याचं रडणं खाली खाली जात राहिलं.

पैलवानाने बाह्या सारख्या केल्या आणि डिझायनरसमोर उकिडवा बसला.

"कसा दिसतो?"

डिझायनरने त्याला खांद्यापासून खालपर्यंत न्याहाळलं. खोटं बोलावं, असं त्याला फार वाटत असावं.

"तुमच्यासाठीच शिवल्यासारखा," शेवटी तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

"उद्या सकाळी येतो," पैलवान म्हणाला. आवाज इतका हळू निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "तोवर आपण खोली रिकामी करून ठेवाल ना?"

कांब भिंतीशीच राहिली होती. हात मोकळे होते, मांडीवर नीट ठेवलेले. तरी डिझायनर बसल्या बसल्या मागे सरकायला लागला, काचांवरून, पाठ भिंतीला लागेपर्यंत.