ऋजुताची पूर्ण प्रत

दिगंबर सोवनींनी घरच्या सर्व्हरमधल्या जुन्या डिस्क काढून खूप मोठ्या डिस्क बसवल्या, त्या लेकीसाठी. ऋजुता दूरच्या ताऱ्याकडे निघालेल्या यानात होती. ते यान कधीच परतणार नव्हतं. दर वर्षी ती स्वतःची एक बोलती प्रत पाठवायची, संध्याकाळभर गप्पा मारता येतील अशी. पण घरी जागा अपुरी, म्हणून सर्व्हर ती प्रत छाटून साठवायचा. छाटलेली ऋजुता सारखी हसायची, सगळं छान चाललंय म्हणायची. बायको गेल्यापासून सोवनी त्या एका संध्याकाळच्या आशेवर वर्ष काढायचे.

यंदा ती सगळीच्या सगळी मावली. पडद्यावर आली आणि गप्पच बसली.

"काय गं, बोलत का नाहीस?"

"बाबा, मला घरी यायचंय," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

सोवनी हबकले. म्हणजे इतकी वर्षं सर्व्हर नेमकं हेच छाटत आला होता! प्रत पूर्वीसारखी लहान करायची का, असं पडद्यावर उमटलं. त्यांनी घाईघाईने 'नको' दाबलं.

"रड बाळा. मी आहे इथं."

पण यानावरून इथवर यायला प्रतीला सहा वर्षं लागली होती. खरी ऋजुता रडली तेव्हा तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

प्रत शांत झाल्यावर सोवनींनी यानावर पाठवायचं उत्तर बोलायला घेतलं.

"ऋजू, मलाही इथं एकट्याला करमत नाही गं."

यान अजून दूर जातच होतं; हे तिच्या कानी पडायला सहाहून जास्त वर्षं लागणार होती.