पहिलं लँडिंग

पुढचं चाक उतरलंच नव्हतं.

विपुलनं लेन्स पुन्हा फिरवली. पंखांखालची चाकं खाली आली होती, नाकाखाली मात्र काहीच नव्हतं. विमान धावपट्टीपर्यंत आलं, मोठ्यानं गरजलं आणि न टेकताच पुन्हा वर गेलं. त्या विमानात त्याची बायको अपेक्षा होती. तिच्या मांडीवर त्यांचा चार महिन्यांचा मुलगा होता, ज्याला विपुलनं अजून हातही लावला नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, म्हणून अपेक्षा जर्मनीहून अमरावतीला गेली. विपुलची नोकरी नवी, रजा मिळेना. बारशालाही तो मोबाईलमधूनच हजर होता. "आम्ही येऊ तवा सरळ गेटवर ये," असं अपेक्षानं बजावलं होतं. पण विपुलला विमानांचे फोटो काढायचं वेड. अकोल्यात, जठारपेठेत, आभाळात ठिपका दिसला तरी हा गच्चीवर पळायचा. इथं जर्मनीत तर विमानतळाच्या कुंपणालगत फोटोवाल्यांसाठी मातीचा उंचवटाच करून ठेवलेला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! पोराला आणणारं विमान टेकताना टिपायचं आणि मग गेटवर जायचं, असं त्यानं ठरवलं. सामान हाती येईपर्यंत वेळ जातोच की. सोबत फरदीन होता, अकोल्याच्या जुन्या शहरातला. गाडी त्याची, आणि वेडही तेच. सकाळपासून दोघांनी पोटभर विमानं टिपली होती, चहा संपवला होता, कुणाचा फोटो सरस यावर भांडूनही झालं होतं.

आता धावपट्टीच्या कडेला आगीचे बंब येऊन उभे राहिले. फरदीनच्या तोंडचं पाणी पळालं.

"विपुल, चाल बे. गेटवर जाऊ. कोणाले तरी इचारू."

"तिथून काय दिसते?" विपुल म्हणाला. डोळा कॅमेऱ्यालाच होता.

"अबे, तुही बायको हाय त्याच्यात! पोरगं हाय!"

"मले माईत नाही का?"

माहीत होतं, म्हणून तर. डोळा काढला की त्या विमानात अपेक्षा दिसायची, तिच्या कुशीतलं ते इवलं तोंड दिसायचं आणि काळजात धस्स व्हायचं. डोळा लावला की ते नुसतं विमान व्हायचं. आधी त्यानं भीतीपोटीच डोळा लावून ठेवला. मग ढग सरकला, विमानाच्या पोटावर सोनेरी ऊन आलं, आणि भीती कुठं गेली ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

विमान पुन्हा आलं. मागची चाकं टेकली. नाक बराच वेळ वर राहिलं, मग हळूहळू खाली येत धावपट्टीला घासलं. ठिणग्यांचा लोट उठला, धूर झाला. फरदीन हातात कॅमेरा घेऊनच ओरडत कुंपणाकडे पळाला. विपुल बटण दाबत राहिला.

विमान थांबलं. दारं उघडली आणि फुगलेल्या घसरगुंड्यांवरून माणसं खाली येऊ लागली. सगळी वाचली होती. उंचवट्यावर टाळ्या पडल्या, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. विपुलचे फोटो पाहून दोघातिघांनी त्याची पाठही थोपटली.

अपेक्षा बाहेर आली तेव्हा दुपार कलली होती. पायात काही नव्हतं, केस विस्कटलेले, आणि पोरगं विमानतळावरच्या कांबळ्यात गुंडाळलेलं. विपुल रडला. मनापासून रडला, उगाच खोटं कशाला सांगा. मुलाला छातीशी धरून तो गाडीत बसला. फरदीननं गाडी सुरू केली.

"आतून काहीच दिसेना," अपेक्षा म्हणाली. "डोकं खाली घालाले लावलं होतं. मी पोट्ट्याले दाबून धरलं आन् त्याले म्हनलं, भेऊ नको, बाहेर तुहा बाप हाय. त्याचा जीव आपल्याहून जास्त जाऊन राह्यला असंल."

"मी पाहूनच राह्यलो होतो ना," विपुल म्हणाला. "सगळं काढलं. पाह्य तू."

त्यानं कॅमेरा तिच्याकडे दिला. केवढ्या मोठ्या संकटातून ती वाचली हे तिला दिसावं, असं त्याला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, तिनं वाहवा म्हणावं असंही वाटत होतं.

अपेक्षा एकेक फोटो पाहत गेली. घासलेलं नाक. ठिणग्या. धूर. खिडक्या तर मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ. त्यातलीच एक तिची होती.

"फरदीनभाऊ, तुमी नाही काढले का?"

"काढले ना वहिनी. तिथंच हाय माहा कॅमेरा, पाहा."

एका फोटोत तिरकं आभाळ होतं आणि धुराचा फराटा. पुढच्यात नुसतं गवत, तेही पुसट.

"हातच थांबेना माहा," फरदीन ओशाळून म्हणाला.

अपेक्षानं दोन्ही कॅमेरे बाजूला ठेवले. हात पुढे करून विपुलच्या मांडीवरून पोराला परत घेतलं.

"तुहा एकबी फोटो हालला नाही," ती म्हणाली.